क्यूआर मेनू घ्यायचाय? आधी कोडखालचा पत्ता वाचा



रात्री साडेनऊला फोन आला. वाशिम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यातल्या केनवडचा एक तरुण होता. वडिलांचं चहा-नाश्त्याचं जुनं हॉटेल आहे, दोन वर्षांपासून यानं दुपारची थाळीही सुरू केली आहे. सहा टेबलं. सकाळी पोहे, आलूबोंडा, कचोरी, दुपारी थाळी, संध्याकाळी शेवभाजी आणि भाकरी. पोरगा हुशार, आपले व्हिडिओ नेमानं बघणारा. म्हणाला, "सर, उद्या सकाळी तो माणूस पैसे घ्यायला येणार हाय. देऊ का नोको?"

कसले पैसे? तर क्यूआर मेनूचे. एक विक्रेता येऊन गेला होता. बारा अ‍ॅक्रिलिक स्टँड, प्रत्येकावर क्यूआर कोड, ग्राहकानं मोबाइल धरला की मेनू समोर. पहिल्या वर्षी साडेआठ हजार, पुढे दरवर्षी साडेचार हजार. "लाइफटाइम डायनॅमिक क्यूआर" असं पत्रकावर ठळक छापलेलं. पैसे तयार होते, सोयाबीन विकून आलेल्यातले बाजूला काढून ठेवलेले. अडचण एकच. बाबांना पटत नव्हतं. "बाबा म्हंते, लोकं तोंडानं विचारते, आपण तोंडानं सांगतो. मधात हे मोबाइल कायले पायजे?"

मी त्याला त्या रात्री काय सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो. कारण हा प्रश्न एकट्या केनवडचा नाही. हॉटेल, खानावळ, ज्यूस सेंटर, पोळी-भाजी केंद्र काढायच्या तयारीत असलेले तुमच्यातले बरेच जण "डिजिटल मेनू पाहिजेच" असं धरून चालले आहेत. आणि त्यात थोडा दोष माझाही आहे. त्याबद्दल पुढे बोलतो.

आधी हिशेब. मी त्याला विचारलं, तुझी थाळी केवढ्याची? नव्वद रुपयांची. गॅस, किराणा, भाजी, मजुरी, लाइटबिल सगळं जाऊन हातात किती उरतात? थोडा वेळ गप्प, मग म्हणाला, पंचवीस धरा. ठीक आहे. साडेआठ हजार भागिले पंचवीस, म्हणजे ३४० थाळ्या. पुढच्या प्रत्येक वर्षी साडेचार हजार, म्हणजे १८० थाळ्या. आता सांग, हे स्टँड ठेवल्यामुळे तुझ्याकडे वर्षाला ३४० थाळ्या जादा जाणार आहेत का? जो माणूस आत येऊन खुर्चीवर बसला, तो जेवायलाच आला आहे. मेनू मोबाइलवर दिसला म्हणून तो दोन थाळ्या खाणार नाही.

मग त्याचा दुसरा मुद्दा, छपाई वाचते. बरोबर आहे, पण किती? सहा टेबलांना दहा लॅमिनेशन केलेली कार्डं पुरतात. एकाला साठ रुपये धरले तर सहाशे रुपये. वर्षातून चार वेळा दर बदलले तरी चोवीसशे. चोवीसशे वाचवायला साडेचार हजार भरायचे, हा धंदा उलटा झाला.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, सर क्यूआर मेनूच्या विरोधात आहेत. नाही. क्यूआर मेनू जरूर करा, माझा विरोध पैसे भरण्याला आहे. क्यूआर कोड ही विकत घ्यायची वस्तूच नाही, हे आधी डोक्यात बसलं पाहिजे.

हा कोड जपानमधल्या डेन्सो या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत १९९४ साली तयार झाला. मासाहिरो हारा नावाचे इंजिनिअर आणि त्यांची छोटी टीम. कारखान्यात सुट्या भागांचा हिशेब ठेवायला जुन्या बारकोडमध्ये जेमतेम वीसेक अक्षरं मावायची, एका खोक्यावर अनेक बारकोड चिकटवावे लागायचे आणि कामगार एकेक स्कॅन करून वैतागायचे. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या 'गो' या खेळावरून हारांना चौकोनी जाळीची कल्पना सुचली. कोडच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन दिसतात ना, त्यांच्यामुळे मोबाइल तिरका-उलटा धरला तरी कोड वाचला जातो. आणि आपल्या कामाची गोष्ट ही की, कंपनीनं पेटंट घेतलं, पण कोड वापरणाऱ्यांकडून पैसे मागायचे नाहीत असं ठरवलं. म्हणून आज केनवडचा चहावाला असो की टोकियोतला मॉल, कोड बनवायला कुणालाही कुणाला एक रुपया द्यावा लागत नाही.

मग तो माणूस साडेआठ हजार कसले मागत होता? स्टँडचे, मेहनतीचे, आणि सगळ्यात मोठा वाटा म्हणजे मधल्या पत्त्याचे. हा मधला पत्ता नीट समजून घ्या, सगळी मेख तिथे आहे.

क्यूआर कोड म्हणजे नुसती लिहिलेली ओळ, फक्त माणसाच्या डोळ्याला न वाचता येणारी. त्या ओळीत तुमच्या मेनूचा पत्ता थेट लिहिला असेल तर त्याला स्टॅटिक कोड म्हणतात. तो कधीच "संपत" नाही, कागदावर लिहिलेला पत्ता संपतो का? डायनॅमिक कोडमध्ये तुमच्या मेनूचा पत्ता नसतोच. त्यात कोड बनवून देणाऱ्या कंपनीचा पत्ता असतो. ग्राहक स्कॅन करतो, आधी त्या कंपनीच्या दारात जातो, आणि तिथून ती त्याला तुमच्याकडे पाठवते. आपल्या दुकानावर पाटी लावायच्या ऐवजी "बाजूच्या दुकानात विचारा, ते सांगतील" अशी पाटी लावण्यासारखं आहे हे. बाजूचा दुकानदार चांगला आहे तोवर ठीक. त्यानं दुकान बंद केलं, किंवा म्हणाला "आता भाडं द्या, नाहीतर सांगत नाही," तर तुमचे गिऱ्हाईक रस्त्यावर.

आता माझी चूक. हॉटेलं बंद होती त्या काळातलं आठवा. जून २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं हॉटेलांसाठी नियमावली काढली. त्यात एकदाच वापरून टाकून देता येतील अशी मेनूकार्डं वापरा, हात न लावता ऑर्डर घ्या, डिजिटल पैसे घ्या असं सुचवलं होतं. आपल्या महाराष्ट्रात बसून खायची परवानगी ५ ऑक्टोबर २०२० पासून मिळाली, तीही निम्म्या क्षमतेनं. मोठ्या शहरांतल्या टेबलांवर धडाधड कोड चिकटले. मीही उत्साहात एक व्हिडिओ केला, "पाच मिनिटांत फ्री क्यूआर मेनू". त्यात एका वेबसाइटवर जाऊन कोड कसा बनवायचा ते दाखवलं. फ्री लिहिलं होतं, मी खाली बारीक अक्षरात काय आहे ते वाचलं नाही.

खानावळ चालवणाऱ्या एका ताईंनी तो व्हिडिओ बघून कोड बनवला. वीस स्टँड छापून घेतले. जुनी कार्डं तेलकट झाली होती, ती टाकून दिली. दोन आठवडे सगळं छान. मग एका रविवारी दुपारी, ऐन गर्दीत, कोड स्कॅन केला की मेनूच्या जागी त्या वेबसाइटचं पान उघडायला लागलं: तुमची मोफत मुदत संपली, कोड चालू करायला पैसे भरा. टेबलं भरलेली, छापलेलं एकही कार्ड नाही, ताई आणि एक मदतनीस प्रत्येक टेबलाला तोंडानं मेनू सांगतायत, आणि मागचे लोक उठून चाललेत. संध्याकाळी त्यांचा फोन आला. रागावल्या नव्हत्या, आणि तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "सर, मी तुमचं बघूनच केलं होतं." स्टँडचे पैसे गेले ते गेलेच, त्या रविवारचा गल्लाही गेला. तो व्हिडिओ मी काढून टाकला आहे. पण ज्यांनी तेव्हा बघितला असेल, त्यांनी आपला कोड आज एकदा तपासून घ्या.

तपासायचं कसं? मोबाइलचा साधा कॅमेरा किंवा गूगल लेन्स कोडवर धरा, पण उघडू नका. खाली छोटा पत्ता दिसतो तो वाचा. त्यात तुमच्या हॉटेलचं नाव, किंवा तुम्ही स्वतः जिथे मेनू ठेवला त्या जागेचं नाव दिसलं पाहिजे. कुठल्यातरी तिसऱ्याच कंपनीचं नाव दिसलं, की समजा पाटी बाजूच्या दुकानाची आहे. केनवडच्या त्या भावानं विक्रेत्यानं नमुना म्हणून ठेवलेला स्टँड फोन चालू असतानाच स्कॅन केला. पत्ता तिसऱ्याचाच निघाला.

डायनॅमिक कोड वाईटच असतो असं मी म्हणत नाही. ज्यांच्या वीस शाखा आहेत, कुठल्या शाखेत किती स्कॅन झाले हे ज्यांना मोजायचंय, ते पैसे भरून घेतात आणि त्यांना ते परवडतं. सहा टेबलांवर किती जण बसले हे गल्ल्यावरून मान वर केली तरी दिसतं.

"पण सर, स्टॅटिक कोड बदलता येत नाही ना? दर वाढले तर?" हा प्रश्न त्यानं विचारला, तुम्हीही विचाराल. विक्रेते इथेच पकडतात. अहो, कोड बदलायचा नाहीच. कोडमधला पत्ता तोच राहू द्या, त्या पत्त्यावर ठेवलेला कागद बदला. घराचा नंबर तोच, आतलं सामान वेगळं.

हे फुकटात करायचा माझा सध्याचा रस्ता असा. हॉटेलच्या नावानं एक वेगळं गूगल खातं काढा. फ्लेक्सच्या दुकानातल्या मुलाच्या खात्यावर नको, भाच्याच्या खात्यावर तर अजिबात नको. भाचा पुण्याला नोकरीला गेला की तुमचा मेनूही पुण्याला जातो. पासवर्ड उधारीच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवला तरी चालेल, पण लिहून ठेवा. त्या खात्यात गूगल डॉक्समध्ये साधा मेनू टाइप करा, पदार्थ आणि पुढे दर. मग एकदाच कुणाच्या तरी कंप्युटरवर बसून फाइलच्या यादीतला "वेबवर प्रकाशित करा" हा पर्याय वापरा आणि जी लिंक मिळेल ती घ्या. त्यानंतर तुम्ही मोबाइलवरून डॉक्समध्ये काहीही बदललं, की काही मिनिटांत त्या पानावर तसंच दिसतं. लिंक तीच, कोड तोच.

एक सावधगिरी. काही जण प्रकाशित करण्याऐवजी नुसती शेअरची लिंक देतात, आणि घाईत परवानगी "संपादन करू शकतात" अशी राहून जाते. मग कोडवरून आलेला कॉलेजचा एखादा पोरगा तुमची पनीर भाजी दोन रुपयांची करून ठेवतो आणि बिलाच्या वेळी दाखवतो. "फक्त पाहू शकतात" हेच ठेवा.

कोड बनवायला वेगळी वेबसाइट लागतच नाही. ते पान मोबाइलच्या क्रोममध्ये उघडा, शेअर करा, तिथेच क्यूआर कोडचा पर्याय असतो. तो चित्र म्हणून उतरवून घ्या. हा स्टॅटिक कोड आहे, त्याला मुदत नाही. मध्यभागी छोटा डायनासोर दिसला तर घाबरू नका, कोड बिघडलेला नाही. क्यूआर कोडमध्ये माहिती थोडी जादा भरलेली असते, त्यामुळे काही भाग झाकला, फाटला तरी तो वाचता येतो. चार पातळ्या असतात, सगळ्यात कमी पातळीवर सुमारे ७ टक्के आणि सगळ्यात वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के नुकसान चालतं. रश्शाचे चार शिंतोडे उडाले म्हणून तुमचा मेनू बंद पडत नाही, तो ह्याच्यामुळे.

फक्त गूगलची ही लिंक लांबलचक असते, आणि लिंक जितकी लांब तितकी कोडची जाळी बारीक. म्हणून कोड चार-पाच सेंटिमीटरचा छापा, त्याहून लहान नको. लिंक छोटी करून देणाऱ्या साइट वापरायचा मोह होईल. तो टाळा, तिथेही पुन्हा मधला दुकानदार आलाच. धंदा जमला, दोन-तीन वर्षं टिकला, की स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आत मिळतं, ते तुमच्या मेनूकडे वळवा आणि कोड त्या नावाचा करा. मग उद्या गूगल सोडून दुसरीकडे मेनू ठेवलात तरी स्टँड बदलायचं काम नाही. डोमेनचे पैसे तेवढे वेळेवर भरत राहायचे.

मेनू पीडीएफमध्ये देऊ नका. प्रेसवाला छपाईसाठी जी फाइल बनवतो ती जड असते, आणि भिंतीआडच्या टेबलावर रेंज एक काडी असते. ग्राहक गोल फिरणारं चाक बघत बसतो आणि शेवटी "भाऊ, सांगा ना तोंडानं" म्हणतोच. साधी अक्षरं चटकन उघडतात. फोटो टाकायचे तर दोन-तीनच टाका, स्वतःच्या ताटाचे. नेटवरून उचललेल्या फोटोतली शेवभाजी आणि तुमच्या वाटीतली शेवभाजी यांची गाठ टेबलावरच पडते.

आता केनवडची खरी गंमत. शहरातल्या लेखांमध्ये असं लिहिलेलं असतं की गावातल्या लोकांना क्यूआर कोड कळत नाही. साफ चूक. गावात क्यूआर सगळ्यांना कळतो. यूपीआय २०१६ मध्ये आलं, आणि आज पानटपरीपासून भाजीच्या गाडीपर्यंत कोड आहे. अडचण उलटी आहे. लोकांच्या डोक्यात कोड म्हणजे पैसे. टेबलावर कोड दिसला की माणूस खिशातून मोबाइल काढतो आणि पैशांचं अ‍ॅप उघडून स्कॅन करतो. ते अ‍ॅप म्हणतं, हा कोड चालत नाही. माणसाला वाटतं आपलंच काही चुकलं, किंवा हॉटेलवालाच गडबड आहे. नाहीतर तो गल्ल्याकडे बघून विचारतो, "आधीच पैसे द्या लागते काय, बाप्पा?"

म्हणून दोन कोड एका स्टँडवर कधीच ठेवू नका. पैशांचा कोड गल्ल्यावर, तुमच्या डोळ्यांसमोर. मेनूचा कोड टेबलावर किंवा भिंतीवर, आणि त्यावर कोडहून मोठ्या अक्षरात "मेनू" असं लिहा. खाली एक ओळ: "मोबाइलच्या कॅमेऱ्यानं बघा. पैसे गल्ल्यावर द्या." हीच ओळ हिंदीतही लिहा, ट्रकवाले आणि बाहेरगावचे मजूर तुमच्याकडे जेवतात. हॉटेलच्या पाटीवर मराठी असलीच पाहिजे, हे २०२२ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनं लहान दुकानांनाही लागू झालं आहे. मेनूला तसा नियम नसला तरी आपल्या भागात मराठी मेनूच जास्त वाचला जातो.

गल्ल्यावरच्या कोडकडे का लक्ष ठेवायचं? जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या खजुराहोमध्ये चोरट्यांनी रात्रीतून दुकानांबाहेरच्या कोडवर आपले स्टिकर चिकटवले होते. सकाळी ग्राहक पैसे देत होते आणि ते भलत्याच्याच खात्यात जात होते. मेनूच्या कोडवरही असं स्टिकर चिकटवता येतं, आणि मेनू बघायला गेलेला ग्राहक भलत्याच पानावर पोचतो. सकाळी दुकान उघडल्यावर उदबत्ती लावता ना, तेव्हाच दोन्ही कोडवरून बोट फिरवा. काही वर चिकटलंय का ते बोटाला कळतं. मग मेनूचा कोड एकदा स्कॅन करा, आणि पहिल्या ग्राहकानं दिलेले पैसे आल्याची खात्री बँकेच्या मेसेजवर किंवा साउंडबॉक्सवर करा. दोन मिनिटांचं काम आहे.

भिंतीवर आणखी एका कोडसाठी जागा ठेवा. २०२५ मध्ये एफएसएसएआयनं सगळ्या खाद्य व्यावसायिकांना सांगितलं आहे की परवाना किंवा नोंदणीचं प्रमाणपत्र आणि सोबत "फूड सेफ्टी कनेक्ट" अ‍ॅपचा कोड ग्राहकाला दिसेल असा लावा. ग्राहकाला अन्नाबद्दल तक्रार करायची असेल तर त्यासाठी आहे तो. काही जण तो कोपऱ्यात कॅलेंडरमागे लावतात. समोर लावा हो, लपवणाऱ्याकडेच लोक संशयानं बघतात.

विक्रेत्याच्या पत्रकात आणखी एक "फायदा" होता. मेनू उघडण्याआधी ग्राहकाचा मोबाइल नंबर घेतला जाईल आणि तुम्हाला त्यावर ऑफर पाठवता येतील. हे अजिबात करू नका. बिल देण्यासाठी ग्राहकाच्या मोबाइल नंबरचा आग्रह धरू नये, असं ग्राहक व्यवहार खात्यानं मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलं होतं, आणि त्याच वर्षी वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही झाला. कायदा बाजूला ठेवा. भुकेला माणूस कचोरीचा दर विचारतोय आणि तुम्ही त्याला ओटीपी मागताय, कसं दिसतं ते? ज्याला तुमच्याकडून मेसेज हवा तो जेवून झाल्यावर आपणहून नंबर देतो.

आता राहिला मुख्य प्रश्न. हे सगळं फुकटात केलं तरी सहा टेबलांच्या हॉटेलला त्याचा उपयोग काय? बाबांचं म्हणणं तर अजून खोडलं गेलेलं नाही.

उपयोग आहे, आणि तो टेबलाबाहेर जास्त आहे. मेनूची लिंक एकदा तयार झाली की ती फक्त कोडमध्ये कोंडून ठेवायची नसते. गूगल मॅपवर हॉटेलची मोफत नोंद करा, तिथे ही लिंक टाका. रस्त्यानं गाडीतून येणारं कुटुंब पुढच्या गावात काय मिळेल हे गाडीत बसूनच शोधतं. समृद्धी महामार्ग आपल्या वाशिम जिल्ह्यातून गेला, नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि लांबच्या गाड्या त्या रस्त्याला वळल्या. जुन्या रस्त्यांवरच्या हॉटेलवाल्यांना आता जो मुद्दाम वळून येईल तोच ग्राहक. मुद्दाम वळायला त्याला आधी कळलं पाहिजे की इथे गरम भाकरी आणि ठेचा मिळतो, आणि थाळी नव्वद रुपयांची आहे. हा ग्राहक तुमच्या ३४० थाळ्यांमध्ये खरोखर भर टाकू शकतो.

दुसरं, गावातलाच ग्राहक. शाळेतले शिक्षक, बँकेतली माणसं, दवाखान्यातला स्टाफ. यांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक एकदा द्या. अकराला उघडून बघतील की आज थाळीत काय आहे, साडेअकराला फोन करून चार डबे सांगतील. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये कॅटलॉगही फुकट आहे, पण दोन ठिकाणी दर बदलायचे म्हणजे एका ठिकाणी विसरणार. एकच जागा पक्की करा.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, रोजच्या रोज बदलता येणं. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटो शंभरच्या वर गेले, कुठे कुठे दोनशेच्याही, तेव्हा छापील मेनू असलेले हॉटेलवाले अडकले. दर वाढवावा तर कार्डावर पेनानं खाडाखोड, नाही वाढवावा तर प्रत्येक ताटामागे तोटा. मोबाइलवरच्या मेनूत तुम्ही सकाळी बाजार करून आल्यावर टोमॅटोची चटणी काढून तिथे शेंगदाण्याची लिहू शकता. दुपारी दोनला पातोडी संपली, तर "संपली" असं लिहू शकता. मात्र शिस्त लागते. भिंतीवर साठ, मोबाइलवर सत्तर, आणि बिलात पासष्ट असं झालं तर भांडण ठरलेलं. मेनूच्या वर तारीख टाका, "दर या तारखेपासून", आणि मोबाइलवर बदल केला की त्याच मिनिटाला भिंतीवरही करा.

भिंतीवर म्हणजे कशावर? फळ्यावर. काळा रंग दिलेला एक चांगला मोठा फळा, बाहेरून दिसेल असा. कोडनं छापील कार्डाचं काम कमी होतं, फळ्याचं होत नाही. ज्याच्या मोबाइलची बॅटरी संपली आहे, ज्यांना चष्मा लागतो, ज्यांच्याकडे साधा फोन आहे, जे आजोबा दर सोमवारी बँकेच्या कामाला येतात, त्यांचं काय? शहरातल्या कित्येक हॉटेलांनीही साथ ओसरल्यावर कागदी मेनू परत आणला, कारण जेवायला बसल्यावर पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालायचा लोकांना कंटाळा येतो. दोन-तीन लॅमिनेशन केलेली कार्डं गल्ल्यात कायम ठेवा. त्या ताईंच्या रविवारनंतर मी हे प्रत्येकाला सांगतो.

मुरबाड तालुक्यातलं धसई तुम्हाला आठवत असेल. १ डिसेंबर २०१६ ला ते राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं, वडापावच्या दुकानातसुद्धा कार्ड स्वाइप करायचं मशीन आलं. मला त्या बातमीतला वडापाववाला नेहमी आठवतो. त्याचा वडापाव आधीही विकला जात होता. मशीननं सोय झाली असेल, पण विकायचं काम वड्यानंच केलं.

तर केनवडला काय झालं? त्या भावानं सकाळी विक्रेत्याला नम्रपणे नाही म्हटलं. पत्रक मात्र ठेवून घेतलं, मेनू कसा मांडायचा ते त्यात चांगलं होतं. दुपारच्या सुट्टीत ओळखीच्या दुकानातल्या कंप्युटरवर बसून डॉक्स प्रकाशित केलं. फ्लेक्सवाल्याकडून सहा स्टिकर, दोन मोठे बोर्ड आणि दहा कार्डं करून घेतली, सगळे मिळून हजाराच्या आत. साडेआठ हजारांतले उरलेले कशाला वापरू असं विचारत होता. मी म्हटलं, तुझ्या दुपारच्या गर्दीत अडतं कुठे? म्हणाला, भाकरीवर. आई एकटी थापते, तवा एकच, लोक वाट बघत बसतात. मग दुसरी शेगडी आणि तवा घे, आणि दुपारचे दोन तास एखाद्या बाईला कामाला लाव.

परवा पुन्हा फोन आला. शेगडी आली आहे. शेजारच्या गावातून भाकरी थापायला एक मावशी येतात. कोड लावून आठवडा झाला, स्कॅन करणारे जास्त करून तरुण पोरंच आहेत, आणि पहिल्या तिघांनी पैशांच्या अ‍ॅपनंच स्कॅन केला. म्हणून त्यानं "मेनू" हे अक्षर आणखी मोठं करून घेतलं. बाबा कोडकडे बघत नाहीत. पण सकाळी फळ्यावर खडूनं ते स्वतः लिहितात, आणि लिहून झालं की पोराला हाक मारतात, "ते मोबाइलातलंबी बदलव रे, आज वांगे नाही भेटले."